कोंढवा की चिंचवड?

माझी नणंद कोंढव्यात राहते. तिचा फोन आला की पहिले वाक्य ठरलेले असते, "भाभी, तुम्ही अजून तिकडेच?" तिकडे म्हणजे मुळा नदीच्या पलीकडे, पिंपरी-चिंचवडमध्ये. बोपोडीहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत उतरले की पुणेकरांच्या हिशेबी शहर संपते आणि कारखाने सुरू होतात. इकडचे लोकही कमी नाहीत. आमच्या इमारतीतल्या बायका लक्ष्मी रोडला खरेदीला निघाल्या तरी "पुण्याला जाऊन येते" असेच सांगतात, जणू एसटी पकडायची आहे.

गेल्या वर्षी फोनवरचा हा विषय आमच्या घरात येऊन बसला. चिंचवडचे ज्या घरात आम्ही चौदा वर्षे भाड्याने राहिलो, ते मालकांना विकायचे होते. माणूस भला, त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. पण पुन्हा भाड्याचे घर शोधायला कुणाचेच मन तयार नव्हते. व्याजाचे कर्ज नको, यावर आमच्या अम्मी म्हणजे सासूबाई आणि माझे शौहर दोघेही ठाम. म्हणजे जुन्नरच्या जमिनीतल्या हिश्श्याचे पैसे आणि माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून निघेल तेवढी रक्कम, एवढीच आमची ऐपत. एवढ्यात घर घ्यायचे तर कुठे? नणंदेचे उत्तर तयार होते. आपल्या माणसांत या.

तिचे म्हणणे चुकीचे आहे असे मला कधीच वाटले नाही. भाड्याचे घर शोधताना काय होते ते आपल्यापैकी अनेकींना माहीत आहे. दलाल फोनवर छान बोलतो, घराचा नकाशा सांगतो, मग नाव विचारतो. नाव सांगितले की थोडा वेळ गप्प. मग "मालकांना व्हेज फॅमिली हवी आहे, मॅडम." त्यावर मी एकदा म्हटले, "आम्ही घरात मटण शिजवणार नाही, लिहून देते." तरी फोन परत आला नाही. कोंढव्यात हा प्रश्न नाही. तिथे नाव सांगितल्यावर दलाल दुसरे घरही दाखवतो.

कॅम्प, भवानी पेठ, नाना पेठ, घोरपडे पेठ इथल्या दाटीतून बाहेर पडलेली आपली कितीतरी कुटुंबे गेल्या तीस-पस्तीस वर्षांत कोंढव्यात गेली. काहींना जागा हवी होती, काहींना १९९२-९३ नंतर चार आपली घरे शेजारी हवी होती. कौसरबाग, मिठानगर, एनआयबीएम रोड अशी वस्ती वाढत गेली. डॉक्टर, वकील, रिक्षावाले, प्राध्यापक, बेकरीवाले असे सगळे थर तिथे आहेत. त्या भागाला नुसती 'वस्ती' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिथल्या मुलींच्या हातातली पुस्तके पाहावीत.

पिंपरी-चिंचवडची घडण वेगळी. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना आला, १९६० नंतर आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही गावे एकत्र करून १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत इथे सव्वासतरा लाख माणसे होती आणि पुणे शहरात सव्वाएकतीस लाख. म्हणजे आमचे 'तिकडे' हे काही उपनगर नाही, लाखो माणसांचे वेगळे शहर आहे. सातारा, बीड, लातूर, खानदेश, बिहार, केरळ, जो आला तो कामासाठी आला. म्हणून इथे नव्या माणसाला पहिला प्रश्न विचारतात, "कोणत्या कंपनीत?" कोंढव्यात पहिला प्रश्न असतो, "आप कहाँ के?" मग जुन्नर म्हटले की कुणाची तरी मावशी जुन्नरची निघतेच.

आम्ही ठरवले की नुसते बोलत बसण्यापेक्षा राहून पाहावे. मे महिन्याच्या सुट्टीत नणंदेचे कुटुंब गावी जाणार होते. त्यांच्या घरी आम्ही पाचही जण पंधरा दिवस राहिलो.

अम्मींचे ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. चिंचवडला त्यांना अजान मोबाइलवर ऐकावी लागते, शेजारणींशी मराठीत चार वाक्ये झाली की विषय संपतो. कोंढव्यात खिडकीतून फजरची अजान आली आणि त्या पहिल्या दिवशी बराच वेळ नुसत्या बसून राहिल्या. तिसऱ्या दिवसापर्यंत खालच्या मजल्यावरच्या दोन खाला त्यांच्या मैत्रिणी झाल्या होत्या. दक्खनीत गप्पा, सुनांच्या तक्रारी (त्यात माझीही असणार), आंब्याच्या लोणच्याची देवाणघेवाण. गुडघेदुखी जणू चिंचवडलाच विसरून आल्या होत्या. मुलीला कॅम्पातल्या आझम कॅम्पसमध्ये अकरावीला जायचे होते आणि ते तिथून जवळ. रात्री दहा वाजता ती आणि तिची आतेबहीण खाली जाऊन आइस्क्रीम घेऊन आल्या, मला काळजी वाटली नाही. चिंचवडला मी बाल्कनीत उभी राहिले असते.

पण आमच्या घरात कमावणारा माणूस चाकणला जातो. एका सुटे भाग बनवणाऱ्या छोट्या कंपनीत हे गुणवत्ता तपासणीच्या कामावर आहेत. मोठ्या कारखान्यांच्या बस पुण्यातून माणसे उचलतात, छोट्या कंपन्यांची तेवढी सोय नसते. चिंचवडहून स्पाइन रोडने, मोशीवरून मोटारसायकलने ते पहिल्या पाळीला चाळीस मिनिटांत पोहोचत. कोंढव्याहून चाकण साधारण चाळीस किलोमीटर. लुल्लानगर, पुणे स्टेशन, खडकी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी. सात वाजताच्या पाळीसाठी सव्वापाचला घर सोडायचे. पहाटे रस्ता मोकळा असतो, खरा छळ परतताना. साडेतीनला सुटलेला माणूस साडेसहाला घरी. चाकणच्या तळेगाव चौकातच पाऊण तास जाई. १६६० मध्ये शाहिस्तेखानाला चाकणचा किल्ला घ्यायला जवळपास दोन महिने लागले, हे आम्ही मुलांना मोठ्या अभिमानाने शिकवतो. त्या चौकात सायंकाळी अडकलेल्या माणसाला ते फार वाटत नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात दुसरी पाळी लागली. दुपारी पाऊणला निघायचे, रात्री दोनच्या सुमारास परत. त्यात औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी आणि आमच्या शाळांची रविवारी, हा घोळ आमच्या लग्नापासूनचाच. चिंचवडला निदान पाळी संपल्यावर माणूस घरात दिसायचा, मुलाचे गणित घ्यायचा. कोंढव्यात तो झोपायला येऊ लागला. एका रात्री हडपसरकडच्या कुणा ट्रकने यांना घासून जाता जाता सोडले. हे त्यांनी मला चार दिवसांनी सांगितले.

रमजानचा विचार केला तर माझ्या अंगावर काटा येतो. चिंचवडहूनही दुसऱ्या पाळीच्या दिवसांत यांचा इफ्तार कंपनीच्या कँटीनमध्ये, डब्यातले खजूर आणि पाणी यावर होतो. चाकण गावात आपली जुनी घरे आहेत, मशिदी आहेत, जुम्याची नमाज मिळते, अल्हम्दुलिल्लाह. पण पहिल्या पाळीला सहरी करून सव्वापाचला चाळीस किलोमीटर मोटारसायकल चालवणे आणि संध्याकाळी उपाशीपोटी तीन तास गर्दीत राहणे, हे महिनाभर कोण करणार?

घरेही पाहिली. आमच्या पैशांत कोंढव्यात एक बेडरूमची जागा मिळत होती, तीही गल्लीच्या आत, चौथ्या मजल्यावर. भोगवटा प्रमाणपत्र मागितले की "सब का ऐसाच है, मॅडम" हे उत्तर. दोन ठिकाणी मी सातबारा आणि मंजूर नकाशा पाहायला मागितला तर दलाल माझ्याशी बोलायचाच थांबला, यांच्याशी बोलू लागला. हा प्रकार फक्त कोंढव्यात आहे असे नाही. चिखलीकडेही एकाने आम्हाला गुंठेवारीतली जागा गळ्यात मारण्याचा प्रयत्न केला. बहिणींनो, आयुष्याची कमाई घालताना आपली माणसे आहेत म्हणून कागद पाहायचे सोडू नका.

पाण्याचे तर दोन्हीकडे रडगाणे. कोंढवा-एनआयबीएमच्या बाजूला उन्हाळ्यात टँकर हा सोसायटीच्या खर्चातला कायमचा रकाना. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे, आता पिंपे भरून ठेवण्याची सवयच झाली. आमच्या नळाला येणारे हे पाणी पवना धरणाचे. ते बंद जलवाहिनीतून आणायच्या योजनेविरुद्ध मावळच्या शेतकऱ्यांनी ऑगस्ट २०११ मध्ये आंदोलन केले, त्या वेळच्या गोळीबारात तीन जण गेले. पिंप भरताना मला कधीकधी ते आठवते.

चिंचवडच्या बाजूने बोलायचे तर रस्ते रुंद आहेत, प्राधिकरणाच्या सेक्टरमध्ये झाडे आहेत, आणि अब्बांच्या शेवटच्या आजारात पिंपरीच्या वायसीएम रुग्णालयाचा आम्हाला आधार झाला. साडेसातशे खाटांचे ते सरकारी रुग्णालय गरिबाला किती मोलाचे आहे, हे तिथे रात्र काढलेल्यालाच कळते. जुन्नरही जवळ पडते, भोसरीत उभे राहिले की एसटी मिळते. पण हे शहर कामाला माणूस बोलावते आणि तो राहणार कुठे ते विचारत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये कुदळवाडी-चिखलीतली भंगाराची हजारो गोदामे आणि शेड पाडली गेली. जागेचे नियम आपल्या ठिकाणी असतील. त्या शेडमध्ये राबणाऱ्या माणसांत आपली किती होती, हे मात्र त्या भागात राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

पंधरावा दिवस संपला, नणंद परतली. रात्री जेवण झाल्यावर तिने विषय काढला, "मग अम्मी, ठरलं ना?" मला वाटले होते अम्मी लगेच हो म्हणतील. त्या जरा वेळ तसबीह फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "पंधरा दिवसांत माझा मुलगा माझ्या दस्तरखानवर चार वेळा बसला. मी मोजले." नणंद म्हणाली, "पण तिथे तुम्हाला बोलायला कुणी नाही." अम्मी म्हणाल्या, "नाही. तेही खरे आहे." थोड्या वेळाने पुढे म्हणाल्या, "आणि तुझे अब्बा तिकडच्या कब्रस्तानात आहेत."

त्या रात्री नणंद माझ्याशी नीट बोलली नाही. तिला वाटले मीच अम्मींना पढवले. माझी नोकरी चिंचवडच्या बाजूची, त्यामुळे माझा स्वार्थ होताच, नाकारत नाही. मुलगीही रुसली. तिच्या आतेबहिणीचे कॉलेज पंधरा मिनिटांवर आणि हिला चिंचवडहून बस, मग पिंपरीहून मेट्रो, जिल्हा न्यायालय स्थानकात बदल, पुणे स्टेशनहून पुन्हा बस. सव्वा तास धरायचा. निगडीपर्यंतच्या मेट्रोचे काम चालू आहे, ते झाले की एक बस कमी होईल, असे मी तिला सांगितले. "तोपर्यंत माझी बारावी होईल," ती म्हणाली. बरोबरच आहे तिचे.

तिच्यासाठी एवढे केले की मोशीची मोठी जागा सोडली आणि चिंचवड स्टेशनजवळ लहान घेतली, म्हणजे मेट्रो नाही तर निदान लोकल हाताशी राहील. जुनी इमारत, पहिला मजला, कागद स्वच्छ. त्याआधी दोन दलालांनी नाव ऐकून टाळले होते, तेव्हा या घराला जाताना मी अपेक्षा ठेवलीच नव्हती. मालक निवृत्त कामगार, मूळचे साताऱ्याचे. यांना बसायला सांगून त्यांनी विचारले, "कोणत्या कंपनीत?" मग पाळ्या, बोनस, चाकणची गर्दी यावर दोघे अर्धा तास बोलत बसले. नाव त्यांनी करारनाम्याचा मसुदा करतानाच विचारले, तेही स्पेलिंगसाठी.

त्या इमारतीत सोळा घरे आहेत, आपले एकच. अम्मींना पायऱ्या उतरल्यावर बोलायला अजून कुणी मिळालेले नाही. शेजारच्या काकू दुपारी येऊन बसतात, दोघी आपापल्या भाषेत बोलतात, एकमेकींचे किती कळते अल्लाह जाणे. मशीद वीस मिनिटांच्या अंतरावर आहे.

येत्या रमजानचे पहिले दहा दिवस अम्मी कोंढव्यात काढणार आहेत. नणंदेचा राग निवळला आहे, तिने खिडकीजवळची खोली त्यांच्यासाठी मोकळी करून ठेवली आहे. त्या आठवड्यात यांची पहिली पाळी आहे, त्यामुळे सोडायला मी आणि मुलगी जाणार. बॅग अम्मींनी आत्ताच भरून दाराजवळ ठेवली आहे. त्यात खालच्या मजल्यावरच्या खालांसाठी लोणच्याची रिकामी बरणीही आहे, परत करायची राहिलेली.