देठ

'देठ' हा शब्द मी इतकी वर्षे वर्गात शिकवीत आलो, तो 'बेंबीच्या देठापासून ओरडणे' या वाक्प्रचारापुरताच. पान फांदीला नेमके कसे धरून असते, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. पडायचे कारणही नव्हते. आमचे सारे आयुष्य छापील पानांत गेलेले!

तो प्रश्न परवा माझ्या मुलीने पाडला. ती वनस्पतिशास्त्राची पदवीधर. पुढील शिक्षणासाठी तिला बंगळूरला जायचे आहे. आणि तिच्या वसतिगृहाचा अर्ज पालकाच्या सहीसाठी आठ दिवस माझ्या टेबलाच्या खणात पडून होता. "बघू, घाई काय आहे?" असे मी म्हणत होतो. घाई तिला होती, हे मला पक्के ठाऊक होते.

त्या सकाळी तिने माझ्या वर्तमानपत्रावरच चार डहाळ्या मांडल्या. "बाबा, हे पाहा."

मी पाहिले. रुईच्या पानाला देठ जवळजवळ नाहीच. पान आपल्या बुडानेच खोडाला मिठी मारून बसलेले. तुळशीची पाने जोडीजोडीने, आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीशी काटकोनात, म्हणजे एकीचे ऊन दुसरीने अडवू नये. पिंपळाचा देठ लांब नि बारीक. म्हणून तर शेजारचा आंबा स्तब्ध उभा असतानाही पिंपळ सळसळत असतो. बेलाने मात्र माझी फजिती केली. ती तीन पाने नव्हेतच, एकाच पानाची तीन दले! खऱ्या पानाच्या देठाच्या बगलेत कोंब असतो, दलाच्या नसतो, ही त्याची खूण.

"शब्दच 'त्रिदल' आहे, बाबा! मराठीच्या प्राध्यापकांना हे ठाऊक हवे."

स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचे हसू ऐकू आले. विषय बदलावा म्हणून मी विचारले, "आणि पान गळते ते वाऱ्याने ना?"

"वारा निमित्ताला. तयारी झाडच करते. देठाच्या बुडाशी पेशींचा एक पातळ थर असतो. वेळ आली की त्या पेशींची एकमेकींवरची पकड सुटत जाते, आणि फांदीच्या बाजूला बुचासारखे आवरण धरून जखम बुजते. मागच्या पावसाळ्यात समोरच्या आंब्याची फांदी मोडली, आठवते? ती वाळून कडकडीत झाली, तरी पाने तिलाच चिकटून होती. मेलेल्या फांदीला पान सोडता येत नाही, बाबा. सोडायलासुद्धा जिवंत असावे लागते."

ती आंब्याविषयीच बोलत होती. तरीही मी उगाच चष्मा पुसायला घेतला.

ती आत गेल्यावर मी पिंपळाची डहाळी उचलली. खालचे एक पान केव्हाच गळून गेले होते. तिथे देठाची लहानशी खूण होती, आणि तिच्या अगदी वर एक इवलासा कोंब.

मी खण उघडला. सही जरा वेडीवाकडीच आली. अर्ज हातात पडताच आमची विदुषी बेंबीच्या देठापासून ओरडली,

"आई! बाबांनी सही केली!"