एकाच पुस्तिकेत तीन नेमणुका

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसर भागातल्या शिक्षकांची वेतनप्रकरणं तपासण्याचं काम मी शिक्षक संघटनेसाठी बरीच वर्षं करतोय. 1998 च्या भरतीतली सेवापुस्तिका उघडली की एकाच माणसाच्या तीन नेमणुका दिसतात : शिक्षाकर्मी वर्ग 3, मग 2007 मध्ये सहायक अध्यापक आणि 1 जुलै 2018 पासून प्राथमिक शिक्षक. काम पहिल्या दिवसापासून तेच. जुनी सेवा ज्येष्ठतेत धरायची का, ग्रॅच्युइटीत मोजायची का, यावर अजून भांडण आहे.

शिक्षणाचा पैसा सगळा पगारात जातो आणि संघटनांचं पोट तरी भरत नाही, असं लोक बोलतात. मला हे पटत नाही. पगार हा मोठा खर्च असणारच, शिकवणाऱ्या माणसावाचून शाळा चालते का? मध्य प्रदेशात उलट तोच खर्च वाचवला गेला. नव्वदच्या दशकात नियमित शिक्षकांचा संवर्ग मृत ठरवला, म्हणजे माणूस निवृत्त झाला की पदही संपलं. त्या जागी पंचायतींनी शिक्षाकर्मी नेमले. 1997 पासूनच्या शिक्षण हमी योजनेत, एक किलोमीटरच्या आत शाळा नसलेल्या वस्तीने मागणी केली की 90 दिवसांत शाळा मिळे. दूरच्या टोल्यांवर शाळा पोचली, हे मोठंच काम झालं. पण तिथल्या गुरुजींना सुरुवातीला महिन्याला 500 रुपये मिळत.

आमची सोयरीक महाराष्ट्रातल्या नरखेड-वरुडकडची. तिकडे 2000 साली शिक्षणसेवक आले. मानधन तुटपुंजंच, पण तीन वर्षांनी वेतनश्रेणी. इकडे शिक्षाकर्मीला अध्यापक व्हायलाच नऊ वर्षं लागली. सहावा वेतन आयोग नियमित शिक्षकांना 1 जानेवारी 2006 पासून मिळाला, अध्यापकांना 1 जानेवारी 2016 पासून. मधली दहा वर्षं मुलांच्या शिक्षणाला शिक्षकांच्या घरांनी दिलेली वर्गणीच होती. जानेवारी 2018 मध्ये भोपाळला अध्यापिकांनी भर सभेत मुंडण केलं, त्यानंतर काही दिवसांत अध्यापकांना शिक्षण विभागात सामावून घेण्याची, म्हणजे संविलियनाची, घोषणा झाली. संघटना नसती तर हे झालं नसतं, असं मी ठामपणे म्हणतो.

रिकाम्या पदांवर आता मानधनावरचे अतिथी शिक्षक आहेत. 2023 च्या वाढीनंतरही वर्ग 3 ला महिन्याला 10,000 रुपये. जुनीच युक्ती आहे ही, आणि आमच्या मागणीपत्रात त्यांचं नाव शेवटी येतं.

आमची खरी उणीव मात्र दुसरीकडे आहे, शाळेच्या अनुदानाबाबत. समग्र शिक्षा योजनेच्या निकषाप्रमाणे तीसच्या वर आणि शंभरपर्यंत मुलं असलेल्या शाळेला वर्षाला 25,000 रुपये संमिश्र अनुदान. त्यातून वीजबिल, खडू, रजिस्टरं, रंगरंगोटी, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. आता शाळेच्या खात्यात पैसा जमा होत नाही, खर्चाची मर्यादा तेवढी येते. ती वर्ष सरता सरता आली, तर मुख्याध्यापक 31 मार्चच्या आत बिलं गोळा करत धावतात, नाहीतर उरलेली मर्यादा गेली. एका शाळेत मी मार्चमध्ये नव्या रंगाची भिंत पाहिली आणि वर तीच गळकी कौलं. कौलांचं काम पावसाआधीच करायचं असतं, पण तेव्हा हातात काही नव्हतं.

हे अनुदान जूनमध्ये, शाळा उघडतानाच यावं, अशी मागणी वेतनाच्या मागणीइतक्याच जोराने आम्ही कधी केली नाही. पांढुर्णा 2023 मध्ये जिल्हा झाला, दोनच तहसिलींचा. एवढ्याशा जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेचा वर्षाचा खर्च संघटनेला सहज गोळा करता येईल. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यांच्यासमोर तो वाचून दाखवावा. पुढच्या मागणीपत्रात हा मुद्दा पहिल्या पानावर असावा, असा ठराव मी तहसील बैठकीत मांडणार आहे.