नांदूर मधमेश्वर : जलाशयाकाठी जयणेचा एक दिवस

डिसेंबर-जानेवारीत राज्यातील नीचांकी तापमानाची बातमी येते ती बहुधा निफाडहून. द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात, कारण कडाक्याच्या थंडीत मण्यांना तडे जातात. बागाईतदाराच्या काळजीचे हेच दिवस उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांना मात्र मानवतात. म्हणूनच मुलाबाळांसह एक दिवस निफाड तालुक्यात घालवायचा, तर हा काळ सर्वांत चांगला.

निफाडपासून दहा-बारा किलोमीटरवर गोदावरी आणि कादवा यांचा संगम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे दगडी बंधारा बांधला गेला, तो कालव्यांद्वारे शेतीला पाणी देण्यासाठी. पक्ष्यांचा विचार त्या योजनेत नव्हता. पुढे वर्षानुवर्षे नद्यांनी गाळ आणून टाकला, पाणी उथळ झाले, बेटे तयार झाली आणि त्यांवर पाणवनस्पती माजल्या. धरणाच्या जमाखर्चात गाळ ही तूटच. पक्ष्यांच्या वहीत मात्र तो भांडवल म्हणून जमा झाला. १९८६ मध्ये हे क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले. डॉ. सालीम अली यांनी या स्थळाला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगितले जाते. इराणमधील रामसर येथे १९७१ साली झालेल्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मान्यता मिळालेले महाराष्ट्रातील हे पहिले स्थळ. २०२० च्या आरंभी ती वार्ता जाहीर झाली.

चापडगावच्या बाजूने सूर्योदयापूर्वी पोहोचलेल्या कुटुंबाला निरीक्षण मनोऱ्यावरून प्रथम दिसते ते धुके, आणि त्यामागून ऐकू येतो पंखांचा आवाज. ऊन वर आले की तलवार बदके, थापट्या, चक्रवाक, चित्रबलाक आणि शराटी ओळखू येऊ लागतात. जांभळी पाणकोंबडी वनस्पतींच्या पानांवर तोल सांभाळत चालते. कपाळावर पांढरा टिळा असलेल्या काळ्या पक्ष्याचे नाव ‘वारकरी’, हे कळताच लहान मुले हरखतात. गावातील तरुण मार्गदर्शक दुर्बीण लावून देतात आणि हलक्या आवाजात नावे सांगतात.

घरी चबुतऱ्यावर रोज धान्य टाकणाऱ्या कुटुंबातील आजींच्या पिशवीत येथेही ज्वारीची पुडी असते. पण रानपक्ष्यांना येथे धान्य घालायचे नसते. त्यांचे अन्न चिखलात आणि पाण्यात आहे. माणसाने अंतर राखावे, मोठ्याने बोलू नये, एवढेच त्यांचे मागणे. पाहुण्याने उडवून लावलेला थवा दूरच्या प्रवासासाठी साठवलेली शक्ती उगाच खर्च करतो. पाऊल जपून टाकणे, म्हणजेच जयणा, हे येथील खरे दान होय.

दुपारी डबे उघडतात. तालुका लासलगावच्या कांद्याचा असला, तरी डब्यात कांदा नसतोच. त्यानंतर एखाद्या ओळखीच्या बागाईतदाराच्या मळ्यात फेरी होते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून घड तयार होईपर्यंत भुरी, डाऊनी, अवकाळी पाऊस अशी संकटे तो मोजून दाखवतो. फवारणीची नोंदवहीही दाखवतो. या वहीचे मोल व्यापाऱ्यांना सांगावे लागत नाही. २०१० मध्ये वेलीची वाढ आटोक्यात ठेवणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश आढळल्याने भारतीय द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडले आणि अनेक निर्यातदार व बागाईतदार मोठ्या तोट्यात गेले. शेवटची फवारणी आणि तोडणी यांतील ठरलेले दिवस पाळणे हे तेव्हापासून केवळ सल्ल्यापुरते राहिले नाही.

श्रावकाच्या सातव्या व्रताशी जोडलेली पंधरा कर्मादाने अनेक घरांत प्रतिक्रमणात उच्चारली जातात. त्यांत विषवाणिज्य आहे, आणि सरोवर, डोह, तळी आटवून टाकणे हेही आहे. पाठ म्हणताना ही नावे जुन्या काळातली वाटतात. निफाडला मात्र एकाच दिवशी दोन्हींचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. शेताला पाणी हवे, पिकाला औषध हवे, हे नाकारता येत नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि त्या व्रताचे नावच उपभोग-परिभोग परिमाण असे आहे. जो व्यापारी औषध विकतो, जो माल खरेदी करतो आणि जो केवळ चकाकत्या मण्याला भाव देतो, त्या प्रत्येकाच्या हाती या परिमाणाचा एक हिस्सा आहे.

सायंकाळी चौविहारासाठी भोजन सूर्यास्तापूर्वी उरकलेले असते, त्यामुळे पाण्याकाठी थांबायला निवांत वेळ मिळतो. दिवसभर हरभऱ्याच्या आणि गव्हाच्या शेतांत चरलेले क्रौंच रांगेने परततात. त्या शेतांचे मालक थोडे नुकसान सोसतात म्हणूनच हे परतणे घडते. वहीत कोठेही न नोंदलेले शेतकऱ्यांचे हे दान मुलांना त्याच वेळी सांगितले, तर जीवदयेचा पाठ निराळा द्यावा लागत नाही.