ताळा

माझे आजोबा बार्शीच्या एका अडत दुकानात दिवाणजी होते. गुणाकार करून पाटी त्यांच्यापुढे धरली, की उत्तराकडे न पाहता ते विचारायचे, "ताळा केलास का?" ३४७ गुणिले २६ म्हणजे ९०२२. अंकांच्या बेरजा करत गेलं की पहिल्या संख्येचे ५ उरतात, दुसरीचे ८. त्यांचा गुणाकार ४०, म्हणजे ४. उत्तराच्या अंकांची बेरीज १३, म्हणजे तेही ४. हा नवाचा ताळा. पण ९०२२ ऐवजी ९२०२ लिहिलं तरी तो जुळतोच, हेही त्यांनीच दाखवलं. रक्कम मोठी असली की दुसऱ्या रीतीनेही पडताळायचं, हा त्यांचा नेम होता.

शाळेत ताळ्याची रूपं बदलत गेली. भाजकाला भागाकाराने गुणून बाकी मिळवली की भाज्य परत यायचा. समीकरणात 'क्ष'ची किंमत घातली की दोन्ही बाजू सारख्या व्हायच्या. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'तही शेवटाकडून मूळ संख्येपर्यंत उलट जाण्याची रीत आहे, हे पुढे वाचनात आलं: गुणाकाराच्या जागी भागाकार, वर्गाच्या जागी वर्गमूळ.

बारावीत इंटिग्रेशनने सगळ्या वर्गाला धडकी भरवली होती. मला आधार दिला तो या जुन्या सवयीने. एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन एक्स साइन एक्स अधिक कॉस एक्स असं आलं, की त्याचं डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. साइन एक्स कटतं आणि मूळ प्रश्न समोर उभा राहतो. उत्तर बरोबर आहे का, हे विचारायला सरांकडे जायची गरज उरली नाही, तेव्हापासून माझी गणिताची भीती ओसरली.

आता भाची सीईटीची तयारी करते आहे. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, ९० मिनिटं. एका प्रश्नाला १०८ सेकंद मिळतात आणि कॅल्क्युलेटर चालत नाही. गणित सोडवलं की ती माझ्या चेहऱ्याकडे बघते. "मावशी, बरोबर आहे का गं?" मी म्हणते, "तूच ताळा करून सांग." एवढ्या वेळात ताळा कधी करायचा, ही तिची तक्रार खरी आहे. म्हणून आम्ही घड्याळ बाजूला ठेवून सुरुवात केली. इंटिग्रेशन अवघड वाटलं तर दिलेल्या चार पर्यायांचंच डेरिव्हेटिव्ह घेऊन बघायचं. त्रिकोणमितीत कोनाच्या जागी शून्य किंवा ३० अंश घालून न जुळणारे पर्याय उडवायचे. हात बसल्यावर घड्याळ लावलं. आता बऱ्याच प्रश्नांचा ताळा तिला काही सेकंदांत जमतो, आणि एकदा निवडलेला पर्याय पुन्हा पुन्हा बदलण्यात जाणारा वेळ वाचतो.

"घाबरू नकोस, तुला येतंय" असं आपण मुलांना प्रेमाने सांगतो, पण परीक्षेच्या खोलीत ते सांगायला आपण नसतो. तिथे असतो तो संगणक, कच्च्या कामाचा कागद आणि मुलाचा स्वतःचा हात. तुमच्या घरी यंदा कुणी सीईटीला बसणार असेल, तर उत्तरसूची थोडी उशिरा हाती द्या. आधी त्याला ताळा करू द्या.