वाडवडिलांचे राखणदार

सुगी सरली की बीदरकडच्या आमच्या दुबलगुंडीत वंशावळी सांगणारा हेळवी यायचा. बैलावर बसून, घंटा वाजवत, कन्नडमधून आमच्याच घराण्याची नावं म्हणत. आजोबा अंगणात हात जोडून उभे राहायचे. मागच्या फेरीनंतर कोण जन्मलं, कोण गेलं, हे विचारून तो वहीत उतरवायचा आणि सूपभर ज्वारी घेऊन पुढच्या दारी जायचा. घरची बोली मराठी, तरी कुळाचा हा राखणदार कन्नड, याचं कुणाला नवल नव्हतं.

पूर्वजांचा माग दूरदेशीही असाच काढला जातो. १६२० साली ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेला गेलेल्या १०२ प्रवाशांचे वंशज चर्चच्या नोंदी, मृत्युपत्रं, जमिनीचे व्यवहार जोडत थेट त्या जहाजापर्यंत पोचतात. १८९७ पासून त्यांची संस्थाच आहे. त्यांच्या त्या चिकाटीचं मला मनापासून कौतुक वाटतं. जहाज निघालं त्याच्या आदल्याच वर्षी इकडे बीदरची बरीदशाही बुडून मुलूख विजापूरकरांकडे गेला होता. मग मोगल, मग निजाम. राज्यांबरोबर दप्तरातल्या लिप्याही बदलत गेल्या, आणि आमचे पूर्वज एका लिपीतून दुसरीत जायचे.

घरातल्या जुन्या चिठ्ठ्या मोडीत आहेत, शेताचे निजामी कागद उर्दूत, अलीकडची पहाणी कन्नडमध्ये. १ नोव्हेंबर १९५६ ला बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. हुमनाबाद, भालकी म्हैसूरकडे राहिले. सोयरीक मात्र तुटली नाही. आमच्या लग्नाच्या पंगतीत अजून तिन्ही राज्यं शेजारी शेजारी जेवतात, आणि मोडी वाचणारे गुरुजी मला अशाच एका पंगतीत भेटले, उदगीरचे.

उर्दू कागदासाठी गल्लीतल्या चाचांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, उजवीकडून बोट सरकवलं आणि पणजोबांचं नाव मोठ्यानं वाचलं. त्याखाली पणजोबांच्या वडिलांचं. ते नाव आमच्या घरात कुणाच्याच तोंडी उरलं नव्हतं. चाचांच्या तोंडून ऐकलं आणि डोळे भरून आले. आमचं कुळ असं दुसऱ्यांनी जपलं आहे, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

चाचांना काही देऊ केलं, तर त्यांनी हात मागे घेतला. पेटीतून घडी केलेला एक कागद काढला. त्यांच्या आजोबांच्या मळ्याचा, कुलकर्ण्यानं लिहिलेला, मोडीतला.

“बेटा, तुम्हारे गुरुजीको ये बी दिखाव.”

येत्या रविवारी उदगीरला जातोय.