कर्नाळ्याचे घरटे

अदलियात पाऊस वर्षाकाठी जेमतेम पडतो. खिडकीपाशी येतात ती साळुंक्या-पोपटांची जोडपी. त्यांना पाहिले की आम्हांस कर्नाळा आठवतो.

पनवेलजवळचे हे पक्षी अभयारण्य १९६८ साली स्थापन झाले. एका आषाढात वडिलांसमवेत आम्ही भावंडे तेथे गेलो. संततधार लागली होती. ओढ्याकाठी कस्तूर शीळ घालीत होता. इतक्यात चोचीत पाल धरून तिबोटी खंड्या दरडीतील बिळात शिरला. जीव चिमणीएवढा, पण अंगावर निळा, जांभळा, नारिंगी असा साज! पावसाबरोबर कोकणात येऊन तो असा मातीत घरटे कोरतो. पिले पाहावीत म्हणून आम्ही बिळात हात घालू लागलो, तोच वडिलांनी मनगट धरले.

"पिलांसह आईला धरू नये, अशी तोराची आज्ञा आहे. मग नुसत्या कुतूहलापायी तिला भिववावे काय?"

आम्ही ओशाळून मागे सरलो.

वडील आज हयात नाहीत. आमच्या मुलांनी कोकणचा पाऊस पाहिलेला नाही. परवा सज्जात साळुंकीने घरटे केले. धाकट्याने हात पुढे केला, आणि आमच्या मुखातून वडिलांचेच शब्द निघाले.