विलोवरचा तुडतुडा

२०२३च्या ऑगस्टात आम्ही दोघं लेकीकडे इंग्लंडला गेलो होतो. घरामागे ओढा, ओढ्याकाठी विलोची झाडं. क्रिकेटच्या बॅटी होतात त्याच जातकुळीची. नातवाला किड्यांचं भारी वेड. फांदीखाली छत्री उलटी धरायची, काठीनं फांदी झोडपायची आणि छत्रीत पडेल ते बघत बसायचं.

एकदा पाचरीच्या आकाराचा, जेमतेम सहा मिलिमीटरचा किडा पडला आणि टुणकन उडाला. आम्ही एकदमच म्हणालो, "अरे, हा तर तुडतुडा!" आम्ही रत्नागिरीकडचे. आंब्याच्या मोहरावर तुडतुडे आले की घरात वडीलधाऱ्यांची झोप उडे. दुकानदार देईल ते औषध फवारायचं. किडा नेमका कोणता, हे कधी कुणी पाहिलं नाही.

नातवानं तो शिताफीनं डबीत धरला. भिंगातून त्याच्या मागच्या पायावरची काट्यांची रांग दाखवली. तुडतुड्याची खूण हीच. रुंद डोकं आणि कडेचे डोळे पुस्तकाशी ताडून तो 'इडिओसेरस' या वंशापर्यंत पोचला. आंब्यावरचे आपले तुडतुडे याच गोतावळ्यातले, हे आम्हाला तेव्हा कळलं. परमुलखात भाऊबंद भेटल्यासारखं वाटलं.

पण विलोवर या वंशाच्या अनेक जाती. एका चित्रावर बोट ठेवून नातू म्हणाला, "नाना, हीच!" नोंदी तपासणाऱ्या जाणकारांनी मात्र कळवलं, ही मादी आहे; नुसत्या चेहऱ्यावरून जात ठरवता येणार नाही. नर मिळवून त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतील.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शहरात भाड्याचं घर शोधताना आम्हाला कितीदा विचारलं होतं, "तुम्ही मराठी की मुसलमान?" आम्ही तोंड उघडायच्या आतच आमची जात ठरलेली असे.

नोंदीला चार गोष्टी लागतात. काय, कुठे, केव्हा आणि कुणी पाहिलं. नातवानं लिहिलं: इडिओसेरस, मादी, विलोवर. मग जागा, तारीख, शेवटी त्याचं आणि आमचं नाव. जातीचा रकाना कोराच राहिला. तो हिरमुसला. "नानी, नोंद अपुरी राहिली."

आम्ही म्हटलं, "अपुरी चालेल, बेटा. खोटी नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्री घेऊन आम्ही तिघं नर शोधायला निघालो.